बॅगेचा नमुना, अडवलेली डाय आणि डिझाइनची मालकी

प्रश्न : लोकलच्या गर्दीत छातीशी धरता येईल आणि बाजूने उघडेल अशी कॅनव्हासची बॅग मी डिझाइन केली आहे. नमुना करून घेण्यासाठी दर विचारताना तिची रेखाचित्रे काही कारखानदारांना व्हॉट्सअॅपवर पाठवली. धारावीतल्या एकाने नमुना शिवून दिला. त्याची मजुरी आणि कटिंग डायचे (कापड ठरावीक आकारात कापण्याच्या साच्याचे) पैसे मी यूपीआयने चुकते केले आहेत. आता तीनशे नगांची ऑर्डर दिल्याशिवाय डाय आणि कागदी पॅटर्न द्यायला तो तयार नाही. पट्ट्याची ठेवण त्याच्या पॅटर्न मास्टरने बदलली, म्हणून डिझाइनही त्याचेच, असे तो म्हणतो. लेखी करार नाही. मला दुसरा कारखाना गाठायचा आहे. काय करावे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या पत्राचा बराचसा भाग डायविषयी आहे. डाय मात्र थोड्या खर्चात पुन्हा करून घेता येते. डिझाइनचे नावीन्य एकदा गेले की ते कोणत्याही खर्चात परत मिळत नाही. म्हणून कारखानदाराला नोटीस पाठवण्याआधी आणि दुसऱ्या कारखान्याची पायरी चढण्याआधी डिझाइन नोंदणीचा अर्ज दाखल करावा.

डिझाइन अधिनियम, २००० च्या कलम ४ नुसार अर्जाच्या तारखेपूर्वी भारतात किंवा इतर कोणत्याही देशात लोकांसमोर उघड झालेल्या डिझाइनची नोंदणी होऊ शकत नाही. आपण चित्रे दरपत्रकासाठी निवडक कारखानदारांना पाठवली, समाजमाध्यमांवर टाकली नाहीत, ही जमेची बाजू आहे. कारण समोरच्याने ते डिझाइन वापरणे किंवा प्रसिद्ध करणे विश्वासघाताचे ठरेल अशा परिस्थितीत ते दाखवले असेल, तर कलम १६ नुसार तेवढ्यावरून नोंदणीला बाध येत नाही. मात्र संदेशात गोपनीयतेचा शब्दही नसल्यास हा विश्वास परिस्थितीवरून सिद्ध करावा लागेल, आणि त्या कारखानदारांपैकी एकाने जरी बॅग बाजारात आणली तरी वाद अवघड होईल. त्यामुळे त्या सर्वांना आजच एक छोटा संदेश पाठवून, चित्रे केवळ दर कळवण्यासाठी दिली होती, ती कोणाला दाखवू अथवा वापरू नयेत, असे कळवावे. जुने संभाषण पुसू नये आणि फोनही बदलू नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह ते पुरावा म्हणून दाखल करता येते.

अर्जात बॅगेची सर्व बाजूंनी घेतलेली दृश्ये द्यावी लागतात. संरक्षण मिळते ते डोळ्यांना दिसणाऱ्या आकाराला, ठेवणीला आणि नक्षीला. चेन बाजूने उघडण्याची सोय किंवा रचनेचे तत्त्व यांना या कायद्यात संरक्षण नाही. त्यामुळे 'बाजूने उघडणारी बॅग' ही कल्पना आपली एकटीची राहील, अशी अपेक्षा ठेवू नये. व्यक्तीसाठी अर्जाचे शासकीय शुल्क १,००० रुपये आहे, नोंदणी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते आणि हक्क १० वर्षे टिकून आणखी ५ वर्षे वाढवता येतो. रेखाचित्रांवर कॉपीराइट आहेच, मग नोंदणी कशाला, असे वाटू शकेल. परंतु नोंदणीयोग्य असून नोंदवलेले नसलेले डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा अधिक वेळा वस्तूवर उतरवले की कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १५ नुसार तो कॉपीराइट संपतो. तीनशे नगांची पहिलीच ऑर्डर ही मर्यादा ओलांडते.

मालकीबद्दलचा कारखानदाराचा दावा मला लंगडा वाटतो. योग्य मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी डिझाइन केले असल्यास, ज्याच्यासाठी ते केले तोच डिझाइन अधिनियमाच्या व्याख्येनुसार मालक ठरतो. पट्ट्याच्या बदलासह नमुन्याची मजुरी आपण दिली आहे. तरीही पुढे वाद नको म्हणून हिशेब मिटवताना, या कामातील सर्व हक्क आपल्याला दिल्याचा एक परिच्छेद त्याच्याकडून सही करून घेता आला तर उत्तम.

डायचे पैसे वेगळे दिल्याची नोंद असल्यास ती आपली वस्तू असून त्याच्याकडे ठेवीदाखल आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार कारागिराला केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवता येते. भविष्यातील ऑर्डरसाठी नाही. नोटिशीत एवढाच मुद्दा घ्यावा. खटल्याची धमकी त्यात घालू नये, कारण धारावीत या व्यवसायातील माणसे एकमेकांना ओळखतात आणि पुढचा कारखानदारही बहुधा त्याच वर्तुळात सापडेल.

नव्या कारखान्याशी करार मात्र चित्रे दाखवण्याआधी, महाराष्ट्रात सध्या लागणाऱ्या ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावा. पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त शुल्क व दंड भरेपर्यंत पुराव्यात घेतला जात नाही. बॅगेचे काम एकाच गाळ्यात क्वचितच पूर्ण होते: कटिंग एकाकडे, शिलाई दुसऱ्याकडे, कडांना रंग तिसऱ्याकडे. म्हणून गोपनीयतेचे बंधन जॉबवर्क करणाऱ्यांनाही लागू असल्याचे आणि त्यांच्या चुकीची जबाबदारी मूळ कारखानदाराची असल्याचे स्पष्ट लिहावे. पॅटर्न, डाय, बाद नमुने आणि कापलेले तुकडे काम संपताच परत द्यावेत, आपला नमुना भिंतीवर टांगू नये किंवा त्याचा फोटो इतर गिऱ्हाइकांना पाठवू नये, हेही लिहावे. 'पाच वर्षे दुसऱ्या कोणासाठी बॅगा शिवणार नाही' असले कलम आग्रहाने घालू नये; करार संपल्यानंतरचा असा निर्बंध करार अधिनियमाच्या कलम २७ नुसार शून्य ठरतो.

नोंदणीनंतर कोणी नक्कल केलीच, तर डिझाइन अधिनियमाच्या कलम २२ खाली मनाई हुकूम आणि नुकसानभरपाईचा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा खालच्या न्यायालयात करता येत नाही. त्याऐवजी ठरावीक रकमेची मागणी निवडल्यास ती प्रत्येक उल्लंघनासाठी २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनपोटी एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच मिळते. आपल्यासारख्या प्रकरणात मनाई हुकूमच अधिक उपयोगी पडेल.