मॉडेलआधी धरणाचा सांडवा बघ

अनेक उत्तम आशीर्वाद.

अतिवृष्टीवर संशोधन करायचं ठरवलंस, बरं वाटलं. हवामानाच्या संगणकी मॉडेलपासून सुरुवात करू की पावसाच्या जुन्या नोंदींपासून, असं विचारलं आहेस. मी म्हणेन, कोयना धरणाच्या सांडव्यापासून, म्हणजे जादा पाणी सोडायच्या वाटेपासून कर. पाऊस किती पडणार हे सांगणारे आता पुष्कळ झाले. ते कळल्यावर धरणावरच्या अभियंत्याच्या हातात काय उरतं, हे बघणारे फार थोडे.

कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. पण सहा वक्री दरवाजे आहेत सांडव्याच्या माथ्यावर, आणि पाणी तिथे टेकतं ते साठा 73 टीएमसीच्या आसपास गेला की. त्याखाली पातळी असताना कितीही लाल इशारे येऊ देत, कोयना नदीत पाणी सोडायचं ते मुख्यतः धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजगृहातून, आणि ते जेमतेम दोन हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट. पश्चिमेला वीजनिर्मितीसाठी पाणी जातं ते वेगळं, आणि त्याला कृष्णा पाणीवाटप लवादाने घातलेली वार्षिक मर्यादा आहे. म्हणजे तुझ्या अंदाजाला जी काही किंमत आहे ती वरच्या 32 टीएमसीत. हे ठाऊक नसताना ‘धरण आधीच रिकामं का केलं नाही’ असं टीव्हीवर विचारणं सोपं असतं.

आता थोडा हिशेब कर. पाणलोट, म्हणजे जिथलं पावसाचं पाणी धरणात येतं ते क्षेत्र, सुमारे 892 चौरस किलोमीटर. त्यावर सरसकट 100 मिलिमीटर पाऊस पडून सगळा वाहून आला, तर येवा, म्हणजे धरणात येणारं पाणी, होतो 3.15 टीएमसी. तेवढं पाणी एका दिवसात सोडायचं तर दिवसभर 36 हजार क्युसेकचा विसर्ग चालू ठेवावा लागतो. तुझ्या शोधनिबंधात 200 आणि 300 मिलिमीटर दोन्ही ‘अतिमुसळधार’च्या जवळपासचे आकडे म्हणून शेजारी शेजारी बसतील, खाली कराड-सांगलीला मात्र त्यांच्यात 36 हजार क्युसेकचं अंतर आहे. म्हणून तुझी अंदाजातली चूक मिलिमीटरमध्ये मांडून थांबू नकोस. ती टीएमसीत मांड, आणि किती तास आधी कळलं हेही शेजारी लिही.

चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते, हे विसरू नकोस. ऑगस्टअखेर पाऊस येणार म्हणून दहा टीएमसी सोडून दिलं आणि पाऊस आलाच नाही, तर मार्चमध्ये ताकारी-टेंभू उपसा सिंचन योजनांचे शेतकरी जाब विचारतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. त्यामुळे ‘उद्या 250 मिलिमीटर’ हा एकच आकडा अभियंत्याला देऊ नये असं माझं मत आहे. पुढच्या तीन दिवसांत येवा 10 टीएमसीच्या वर जाण्याची शक्यता किती, 20 च्या वर जाण्याची किती, असं द्यावं. एकाच वेळी अनेक अंदाज चालवून शक्यता काढणारी समूह प्रणाली भारतात 2018 पासून 12 किलोमीटरच्या चौकटींवर चालते, आणि 2025 मध्ये 6 किलोमीटरच्या चौकटींची भारत फोरकास्ट सिस्टम हे मॉडेल आलं. तरी सह्याद्री हा सह्याद्री आहे. महाबळेश्वराहून वाई तीसेक किलोमीटर, पण वर्षाच्या पावसात कित्येक पटींचा फरक. मॉडेलच्या एका चौकटीत घाटमाथा आणि उतार दोन्ही सपाट होऊन बसतात.

नोंदींबद्दल. रोजच्या बातमीत कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर अशी तीन नावं वाचतेस ना? तीन ठिकाणांवरून एवढ्या डोंगराळ पाणलोटाचा पाऊस ठरवायचा, यातच निम्मी अनिश्चितता आली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला तेव्हा कुलाब्याला शंभरही नव्हता, आणि ते तर सपाट शहर. शिवाय आपला पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. सर पहाटे तीनला सुरू होऊन दुपारी थांबली, तर तिचे दोन तुकडे दोन तारखांना जातात. कुठल्याही सलग 24 तासांतला कमाल पाऊस अशा ठरलेल्या दिवसाच्या कमाल आकड्यापेक्षा सरासरी 13 टक्क्यांनी जास्त भरतो, हा या शास्त्रातला जुना गुणक. तुझ्या काळात तासातासाच्या स्वयंचलित नोंदी मिळतात, त्या वापर. महाबळेश्वरला 23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत 594 मिलिमीटर पडला, त्या दिवसाचे तास मिळवून येवा जुळवून बघ. शिकायला याहून चांगला दिवस नाही.

परदेशी प्रयोग वाच, पण जपून. कॅलिफोर्नियात लेक मेंडोसिनो या जलाशयातून 2012 च्या डिसेंबरात नियमाप्रमाणे पाणी सोडलं आणि पाठोपाठ दुष्काळ आला. त्यातूनच अंदाजावर आधारित जलाशय प्रचालनाचा प्रयोग उभा राहिला. उत्तम काम आहे. पण त्यांची वादळं हिवाळ्यात पॅसिफिकवरून येताना कित्येक दिवस आधी दिसतात आणि दोन वादळांच्या मध्ये श्वास घ्यायला उसंत असते. आपल्याकडे जुलैत धरण भरत असतं तेव्हाच बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र, किनाऱ्यावर द्रोणीय स्थिती, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा, आणि समोर घाट. पाणी सोडून जागा करायची ती भर पावसात, तेही खाली पंचगंगा आणि वारणा आधीच दुथडी भरलेल्या असताना. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं, धोका पातळी 45 ची. वाद मात्र कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याभोवती फिरतो आहे. तू आधी कोयना धरणाखालच्या, कुठल्याच मोठ्या दरवाजाच्या ताब्यात नसलेल्या पाणलोटाचा वाटा काढ. आणि राधानगरी धरणावर जाऊन ये. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पातळी आली की आपोआप उघडतात. त्यांना तुझा अंदाज दाखवून उपयोग नाही.

पूर नियंत्रण कक्षात एक रात्रपाळी बसून बघायची परवानगी माग. विसर्ग वाढवायचा म्हणजे आधी नदीकाठच्या गावांना कळवायचं, मग भोंगा, मग दरवाजे फूट-दीड फुटांनी उचलायचे. यात किती तास जातात ते घड्याळ लावून लिहून घे. अर्ज मेमध्येच कर. जून अर्धा सरला की तिथे कुणाला पत्राला उत्तर द्यायला सवड नसते.

कळावे.