बॅटलफील्ड ६ : २०४२ने तोंड पोळलेल्यांसाठी

बॅटलफील्ड २०४२ हा आधीचा युद्धाचा गेम घेऊन पस्तावलास, आता बॅटलफील्ड ६ घेऊ का, आणि आरटीएक्स २०६० ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमवर चालेल का, असं विचारलंयस. घे. पण एकटाच खेळणार असशील तर घाई करू नकोस.

१० ऑक्टोबर २०२५ला गेम आला आणि दिवाळीत आम्ही चौघं त्याला चिकटलो. तिघं इथे इंदूरला राजेंद्रनगरात, चौथा पुण्याहून. बाहेर फटाके, कानात रणगाडे. आई म्हणाली, "बाहेरचा आवाज कमी पडतोय का रे?"

२०४२मध्ये १२८ जण असूनही मैदान ओसाड वाटायचं. क्लास, म्हणजे प्रत्येकाचं ठरलेलं काम, काढून स्पेशालिस्ट नावाची पात्रं आणली, ज्याला जी हवी ती बंदूक. मग पडल्यावर उठवायला कोणी येईल याचा भरवसाच नसायचा. आता माणसं पुन्हा ६४ आणि असॉल्ट, इंजिनीअर, सपोर्ट, रिकॉन हे चार क्लास परत. बंदुकांची मोकळीक अजून आहे, पण ती नको असेल तर क्लासला बांधलेल्या बंदुकांचे वेगळे सामने आहेत. आम्ही तेच खेळतो.

खरी मजा ओढण्यात आहे. स्क्वॉडमधला, म्हणजे आपल्या छोट्या तुकडीतला, पडला की त्याला धरून भिंतीआड फरफटत न्यायचं, तिकडेच तो उठतो. कैरोच्या नकाशातल्या गल्लीत पुण्याचा गडी मला ओढत होता, आणि ज्या भिंतीआड नेलं तीच रणगाड्यानं पाडली. दोघंही मेलो. इतकं हसलो की पुढचा डाव हातचा गेला. अनोळखी लोकांत हे क्वचित घडतं, ते तुला ओलांडून पळतात.

नकाशे मात्र मला तोकडे वाटले. मागून गोळी येते, उठतो, पुन्हा मागून. जरा दम घ्यायचा तर मिराक व्हॅली हा मोठा नकाशा, नाहीतर बॅटलफील्ड ३मधलं जुनं ऑपरेशन फायरस्टॉर्म. रणगाडे तिथेच शोभतात.

आता पीसी. २०६० म्हणजे किमान अट, ती तू जेमतेम गाठतोस. रॅम मात्र १६ लागेल, तेवढी वाढव. आणि चीटर रोखण्यासाठी सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याशिवाय गेम सुरूच होत नाही. इथे मी फसलो. ज्यानं पीसी जोडून दिला त्यानं विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर टाकलं होतं. मी बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन बिनधास्त सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीनं विंडोज सुरू करू देणारी सोय, बंद केलं, आणि विंडोज उघडेचना. धनतेरसची संध्याकाळ त्यात गेली. सीएसएम परत चालू केल्यावर जीव भांड्यात पडला.

तू आधी सिस्टिम इन्फर्मेशन उघडून 'बायोस मोड' बघ. 'लेगसी' (म्हणजे जुनी पद्धत) दिसलं तर आधी बायोसला हात लावू नकोस. फाइलींचा बॅकअप घे, विंडोजच्याच एमबीआर-टू-जीपीटी टूलनं डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची कर, मग बायोसमध्ये यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट चालू कर. अडलास तर मदरबोर्डचं मॉडेल इथेच लिही.