रिकामा फ्लॅट नव्या भाडेकरूच्या ताब्यात देण्यापूर्वी

आधीच्या भाडेकरूची अनामत परत करण्यापूर्वी सर्व खोल्यांचे आणि वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवावेत. प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि रंगारी यांची कामे उरकल्याशिवाय सफाईवाल्यांना बोलावू नये, कारण घासलेल्या फरशीवर पुन्हा पुट्टीची धूळ बसली की तो खर्च वाया जातो.

घर बरेच दिवस बंद असेल, तर न्हाणीघरातील जाळीखालच्या ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवण्यासाठी पाणी साठून राहणाऱ्या भागातले, पाणी आटते आणि ड्रेनेजची दुर्गंधी व झुरळे थेट घरात येतात. अशा वेळी फिनेलने वास झाकण्यापेक्षा प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओतावे. बोअरच्या पाण्याने नळांवर चढलेले पांढरे क्षार काढण्यासाठी कामगार सर्रास ॲसिड वापरतात, पण त्याने नळाची चकाकी जाते आणि टाइल्सच्या सांध्यांतले सिमेंटही झिजते. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात भिजवलेले फडके नळाभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवणे मला अधिक पसंत आहे, वेळ लागला तरी. ॲसिड वापरायचेच असेल, तर त्याचा ब्लीचिंग पावडरीशी संपर्क कदापि होऊ देऊ नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

स्वयंपाकघरातील ट्रॉल्या पूर्ण बाहेर काढून मागची भिंत तपासावी, आणि मुख्य दाराचे कुलूप मात्र न चुकता बदलावे.