मेटाथेसिस अडली? आधी गर्दी बघ

तुझी वलय मिटवणारी मेटाथेसिस (दुहेरी बंधांची टोकं अदलाबदल करून वलय बनवणारी अभिक्रिया) अडली असं तू कळवलंस, म्हणून तुझा डायीन (दोन दुहेरी बंधांचा रेणू) पाहिला. एका टोकाला साधं व्हिनाइल (मोकळा दुहेरी बंध), दुसऱ्या टोकाला मिथाइल असलेलं, म्हणजे गर्दीचं. उत्प्रेरकातला रुथेनियम आधी मोकळ्या टोकाला लागतो आणि मग अवघड टोकाशी वलय मिटवतो, म्हणजे तुझं नशीब बरं आहे. फक्त ग्रब्ज-१ वर (रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रब्ज यांच्या पहिल्या पिढीच्या रुथेनियम उत्प्रेरकावर) दिवस घालवू नकोस, तो अशा ठिकाणी रेंगाळतो. ग्रब्ज-२, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, घे.

दोन्ही टोकांना मिथाइल असते, तर मात्र चतुःप्रतिस्थापित (चारही बाजूंना गट असलेला) दुहेरी बंध करावा लागला असता, आणि तिथे ग्रब्ज-२ सुद्धा धापा टाकतो. अशा वेळी लिगँडवर (धातूला जोडलेल्या गटावर) मोठ्या मेसिटिलऐवजी लहान ऑर्थो-टॉलिलवाला उत्प्रेरक वापरतात. लिगँडनेच अंग चोरून जागा द्यायची!

द्रावकाचं बघ. डायक्लोरोमिथेन ४० अंशांना उकळतं, आणि बडोद्याचा मे तुला माहीत आहेच. टोल्यूइन घे, ६० ते ८० अंश ठेव, आर्गॉनचे बुडबुडे सोडत राहा म्हणजे अभिक्रियेत बनणारं इथिलीन निघून जाईल. उत्प्रेरक एकदम ओतू नकोस, थोडा थोडा घाल. तापवल्यावर दुहेरी बंध सरकताना दिसला, तर चिमूटभर बेंझोक्विनोन टाक.

क्रॉस मेटाथेसिसचा (दोन वेगळे रेणू जोडण्याचा) विचार असेल, तर आधी ग्रब्ज यांच्या गटाचं २००३ चं ऑलेफिन-वर्गीकरण (दुहेरी बंधाच्या रेणूंचं) वाच, मग फ्लास्क हातात घे.