गच्चीवर गेलं की शिक्रा उडतो, काय करू?

प्रश्न: घरामागच्या कडुलिंबावर रोज सकाळी शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) येतो पण कॅमेरा घेऊन गच्चीवर पोचेपर्यंत गायब. मिळालाच तर फोटोत नुसता काळा ठिपका. ७०-३०० मिमीची झूम लेन्स आहे, मोठी घेऊ का? (एक वाचक, विश्रामबाग, सांगली)

उत्तर: पैसे सध्या खिशातच राहू द्यात आणि आधी गच्चीवर जायचं बंद करा. मोकळ्या गच्चीत हलणारा माणूस त्याला लांबनंच दिसतो हो. मागच्या खोलीच्या खिडकीत बसा, लाइट बंद, जुन्या साडीचा पडदा आणि त्यातनं लेन्स जाईल एवढीच फट, काच मात्र उघडी ठेवा नाहीतर फोटो धुरकट येतो. आणि तो यायच्या आधी बसायचं, आल्यावर पळापळ करून काही उपयोग नाही.

आल्याची वर्दी खारी देतात. खार खोडाला चिकटून एकसारखी चिर्र चिर्र करायला लागली, सातभाई पक्ष्यांनी कलकलाट केला की समजा पाहुणे आलेत. कोतवाल पक्ष्याच्या नादाला लागू नका, तो शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करून साळुंक्यांना पळवतो, तिथं तुम्ही-आम्ही काय! झाडाखाली उपटलेली पिसं आणि पांढरी विष्ठा एकाच जागी दिसली तर बरोबर त्याच्या वरची फांदी त्याची ठरलेली, शिकार सोलायला तिथंच बसतो, फोकस त्या फांदीवर लावून ठेवा.

काळा ठिपका येतो कारण मागं पांढरं आभाळ असतं आणि कॅमेरा त्या उजेडाला फसतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ करा. बसलेल्याला शटर १/५०० सेकंद पुरतं, उडतानाचा पाहिजे तर १/२००० ठेवा, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) १६०० वर गेला तरी जाऊ दे, थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो चालत नाही. फोकस मोड हलत्या पक्ष्यामागं फिरणारा ठेवा, कॅननला एआय सर्व्हो, निकॉनला एएफ-सी, आणि फोकस पॉइंट डोळ्यावर. उडायच्या आधी तो बऱ्याचदा पुढं वाकतो, शेपटी उचलतो आणि एक पिचकारी सोडतो. ती दिसली की बटण दाबूनच धरायचं, लाजायचं नाही!

बाकी तो शिक्राच आहे ना हे बघा एकदा. पावशा (कोकिळेच्या जातीतला पक्षी) लांबनं अगदी तसाच दिसतो, छाती-शेपटीवरचे पट्टेसुद्धा, पण पावशाची चोच सरळसोट आणि शिक्र्याची आकडीसारखी वाकडी. डोळा लालभडक असेल तर मोठा नर, पिवळा आणि छातीवर तपकिरी रेघा-ठिपके असतील तर यंदाचं पोरगं.

उन्हाळ्यात काड्या नेताना दिसला तर मात्र झाडाकडं फिरकू नका. फोटो मोकळा यावा म्हणून घरट्यापुढच्या फांद्या छाटणारे महाभाग आहेत, मग पिल्लं उन्हात तापतात आणि कावळ्यांना आयती दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी छेडणं शिकारीतच धरलंय.

प्रश्न: चिकनचे तुकडे टाकले किंवा मोबाइलवर आवाज लावला तर शिक्रा जवळ येईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: चिकनला घारी, कावळे आणि गल्लीतली कुत्री येतील. शिक्र्याला सरडे, चिमण्या, उंदीर, सगळं जिवंत लागतं. आवाज लावला तर त्याला वाटतं दुसरा कोणतरी हद्दीत घुसला, मग तो शिकार सोडून त्यालाच शोधत बसतो, कशाला उगीच.

त्यापेक्षा गाडी काढा आणि गावाबाहेर शेताच्या कडेला तारांवर कापशी घार बसलेली असते ती बघा. पांढरी-राखाडी, खांदे काळे, डोळे लाल. उंदीर हेरताना हवेत एकाच जागी पंख मारत थांबते, म्हणजे फोकसला वेळ मिळतो, नवशिक्याला याहून सोपी मिळायची नाही. फक्त गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, फोटो काच खाली घेऊन आतनंच काढा, दार उघडलं की ती गेलीच.