पृष्ठफळ जास्त, तरी रंग कमी धरला : प्रकल्पाचा निकाल आणि एम.एस्सी.ची निवड

प्रश्न : मी फोंडा तालुक्यात राहते आणि रसायनशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी सच्छिद्र ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनियम ऑक्साइडचे) दोन नमुने तयार केले. पहिल्याचे पृष्ठफळ ग्रॅममागे ३२० चौरस मीटर आणि छिद्रांचा सरासरी व्यास ३ नॅनोमीटर आहे. दुसऱ्याचे १९० चौरस मीटर आणि ८ नॅनोमीटर. तरीही पाण्यातला काँगो रेड हा रंग दुसऱ्यानेच जास्त धरला. माझे काही चुकले का? मला मटेरिअल्सकडे, म्हणजे पदार्थविज्ञानाच्या संशोधनाकडे वळायचे आहे, पण वेर्ण्यातील औषध कंपन्यांत नोकरी मिळावी म्हणून बाबा ॲनालिटिकल केमिस्ट्री घ्यायला सांगतात.

उत्तर : तू दिलेल्या आकड्यांत मला तरी चूक दिसत नाही. बीईटी पद्धतीने, म्हणजे पृष्ठभागावर नायट्रोजन वायू किती बसतो ते पाहून, मोजलेले पृष्ठफळ हे नायट्रोजनच्या रेणूला पोहोचता आलेले पृष्ठफळ असते. तो रेणू जेमतेम ०.३६ नॅनोमीटरचा असल्यामुळे ३ नॅनोमीटरच्या छिद्रात सहज आतपर्यंत जातो. काँगो रेडचा रेणू मात्र अडीच नॅनोमीटरच्या आसपास लांब असतो, शिवाय पाण्यात हे रेणू एकमेकांना चिकटून गठ्ठेही करतात. त्यामुळे ते छिद्राच्या तोंडाशीच अडकून मागून येणाऱ्यांची वाट बंद करतात, असा अंदाज बांधता येतो.

छिद्र दंडगोलाकार मानले, तर पृष्ठफळ म्हणजे छिद्रांच्या आकारमानाची चौपट भागिले व्यास. म्हणजे आकारमान तेवढेच ठेवून व्यास निम्मा केला की पृष्ठफळ दुप्पट होते, आणि अहवालात तो आकडा उठून दिसतो. पण ज्या रेणूला धरायचे आहे तो आत शिरत नसेल, तर त्या वाढीव पृष्ठफळाचा उपयोग नाही. याचा अर्थ लहान छिद्रे वाईट असा मात्र घेऊ नकोस. २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांत समोरासमोरच्या भिंती वायूच्या रेणूला दोन्हीकडून ओढतात, त्यामुळे अगदी कमी दाबालाही तो घट्ट धरला जातो. २ ते ५० नॅनोमीटरच्या छिद्रांत आधी भिंतींवर थर बसतो आणि पुढे दाब वाढला की वायू आतच द्रवरूप होतो. कोणते छिद्र चांगले, हे काय धरायचे आहे त्यावर ठरते.

हा अंदाज तपासण्याचा मार्ग तुझ्या प्रयोगशाळेतच आहे. मिथिल ऑरेंज हाही ऋणभारित रंग आहे, पण त्याचा रेणू बराच लहान असतो. दोन्ही नमुन्यांवर, दोन्ही रंगांसाठी, सामू ६ ते ७ ठेवून तोच प्रयोग कर; तिथे ॲल्युमिनाचा पृष्ठभाग साधारणपणे धनभारित असतो, म्हणून ऋणभारित रंग ओढतो, आणि आम्लात हे दोन्ही रंग बदलतात ती अडचणही टळते. अरुंद छिद्रांत रेणू सावकाश सरकतात, म्हणून समतोल आल्याची खात्री होईपर्यंत वाचन घेत राहा. मिथिल ऑरेंजच्या बाबतीत पहिला नमुना सरस ठरला, तर दोष पृष्ठभागाच्या रसायनाचा नसून छिद्रांच्या मापाचा, असे बऱ्याच विश्वासाने लिहिता येईल. (निकाल प्रति ग्रॅम आणि प्रति चौरस मीटर, असे दोन्ही प्रकारे मांड, परीक्षक तेच विचारतील.)

आता बाबांच्या सूचनेविषयी. तिच्यात तथ्य आहे. वेर्ण्यातील औषध कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात ॲनालिटिकलच्या विद्यार्थ्याला तुलनेने लवकर काम मिळते, आणि ज्या घराला दोन वर्षांत पगाराची गरज आहे त्या घरात हा विचार हलका मानता येत नाही. पण मटेरिअल्सच्या संशोधनातही निम्मे काम मोजमापाचेच असते, त्यामुळे ॲनालिटिकल घेतल्याने ती वाट बंद होत नाही. गोवा विद्यापीठात फिजिकल आणि ॲनालिटिकल या दोन्ही शाखा आहेत. पृष्ठभाग, उत्प्रेरक आणि अधिशोषण (पृष्ठभागावर रेणू धरले जाणे) यांचा ओढा खरा असेल, तर माझे मत फिजिकलच्या बाजूने पडेल. त्याबरोबर आयआयटींतील एम.एस्सी. प्रवेशासाठी जॅमही दे. पुढे पीएच.डी.साठी नेट किंवा गेट ही परीक्षा उत्तीर्ण झालीस, तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था येथील सच्छिद्र पदार्थांवरील काम अवश्य पाहा. पीएच.डी.ची पाच-सहा वर्षे आणि गोव्याबाहेर राहण्याची शक्यता, या दोन्ही गोष्टी बाबांशी आताच स्पष्ट बोलून घे. अर्ज करताना प्रकल्पाच्या वर्णनात नुसते पृष्ठफळाचे आकडे न देता, कमी पृष्ठफळाचा नमुना का सरस ठरला आणि ते तू कसे तपासलेस, हे चार ओळींत लिही.