वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या घरीच चेनसॉने काढता येतील का?

हो येतात, पण साध्या चेनने नको, उभ्या म्हणजे ओंडक्याच्या लांबीच्या कापासाठी रिपिंग चेन वेगळी मिळते, तिच्या दातांची धार साधारण 10 अंशात असते (नेहमीच्या चेनची 25-30), म्हणून काप साफ येतो. पहिला काप जपून घ्या, ओंडक्यावर सरळ शिडी ठोकायची आणि मिलची फ्रेम (चेनसॉला जोडायची धातूची चौकट, तिने फळीची जाडी सारखी राहते) तिच्यावरून सरकवायची, तो वाकडा गेला की पुढच्या सगळ्या फळ्या वाकड्या. दर कापाला 8-10 मिमी लाकूड भुशात जातं, ते पिवळंधमक लाकूड उडताना बघून खरंच जीव तुटतो, तेव्हा फळ्या दीड-दोन इंची ठेवा. टोकांना त्याच दिवशी ऑइलपेंट फासा नाहीतर चिरा पडतात, मग मध्ये पट्ट्या देऊन सावलीत रचा, वाळायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष धरून चाला. आणि गॉगल, इअरमफ घातल्याशिवाय मशीन चालू करू नका प्लीज.